साखर खाल्ली, मग ती गेली कुठं? जड कार्बनने माग काढायची पद्धत, पहिल्यापासून

चहात दोन चमचे साखर घातली, प्यायलो, संपलं. पण त्या साखरेचं पुढं काय झालं? जळून श्वासातून बाहेर गेली, लिव्हरमध्ये साठून बसली, का चरबी झाली? ग्लुकोमीटर लावून हे कळत नाही, कारण तुम्ही आत्ता खाल्लेलं ग्लुकोज आणि लिव्हरने स्वतःच्या साठ्यातून सोडलेलं ग्लुकोज रक्तात गेल्यावर अगदी सारखंच दिसतं, मशीन बिचारं फक्त बेरीज सांगतं. खाल्लेली साखर ओळखू यायची तर तिच्यावर काहीतरी खूण पाहिजे. ती खूण म्हणजे कार्बन-१३.

हे लिहितेय ते न्यूट्रिशन, बायोकेमिस्ट्री, फूड टेकवाल्या पोरापोरींसाठी, ज्यांना गाइडने "जरा आयसोटोपचं बघा" म्हणून सोडून दिलंय (आयसोटोप म्हणजे एकाच मूलद्रव्याचे हलके-जड अणू). मी श्वासाच्या नळ्या भरण्यात दोन वर्षं घातलीत, त्यामुळं पहिलीच गोष्ट सांगते: हा प्रयोग मशीनवर क्वचित बिघडतो, तो बिघडतो आदल्या चार दिवसांच्या ताटात. म्हणून खाली जेवणाबद्दलच जास्त लिहिलंय, कंटाळा आला तरी वाचा.

खूण म्हणजे नक्की काय

निसर्गात कार्बनचे १०० अणू घेतले तर त्यातले साधारण ९९ हलके, म्हणजे कार्बन-१२, आणि एखादाच जड, कार्बन-१३ (नेमकं प्रमाण १.१ टक्क्याच्या आसपास). हा जड भाऊ रेडिओॲक्टिव्ह नाही, रेडिओॲक्टिव्ह असतो तो कार्बन-१४. घरच्यांना, व्हॉलंटियरला, कमिटीला हे दहा वेळा सांगावं लागतं, "आयसोटोप" शब्द ऐकला की लोकांना अणुभट्टीच दिसते. ७० किलोच्या माणसाच्या अंगात मुळातच दीडशे ग्रॅमच्या वर कार्बन-१३ असतो, आपण देणार त्यात मिलिग्रॅममध्ये भर. कल्पना जुनी आहे, हॅरल्ड युरीने जड हायड्रोजन शोधल्यावर कोलंबिया युनिव्हर्सिटीत शोनहायमर आणि रिटनबर्ग यांनी १९३५ च्या सुमारास तो चरबीत घालून उंदरांना खाऊ घातला आणि शरीरातली चरबी नुसती पडून नसते, सतत बदलत असते हे दाखवलं.

आता आपल्या कामाची गंमत. झाडांच्या हवेतला कार्बन पकडायच्या पद्धती वेगवेगळ्या, त्यांची नावं सी-३, सी-४. ऊस, मका, ज्वारी, बाजरी ही सी-४ झाडं, यांच्या अंगात कार्बन-१३ थोडा जास्त असतो. गहू, तांदूळ, डाळी, बटाटा, युरोपातलं शुगर बीट ही सी-३, यांच्यात कमी. हा फरक डेल्टा नावाच्या मापात सांगतात, हजारात किती कमी-जास्त असं. शून्याची खूण आहे साउथ कॅरोलायनातल्या पीडी थरातल्या बेलेम्नाइट जीवाश्मावरून ठरवलेली. त्या मापावर उसाची साखर उणे ११-१२ च्या घरात, आणि तांदूळ-गहू उणे २५ ते २८. म्हणजे किराणा दुकानातली साखर जन्मतःच खूण घेऊन येते!

१९७० च्या दशकात बेल्जियममधल्या लिएजच्या गटाने हेच वापरलं. तिथली माणसं गहू-बटाटा-बीट खाणारी, त्यांचा श्वास सी-३ चा, त्यांना मक्याचं ग्लुकोज पाजलं की श्वासातला कार्बन-१३ चढलेला सरळ दिसायचा, महागडं लेबल विकत घ्यायची गरजच नाही. अमेरिकेत हे तितकं सोपं नव्हतं, तिथं मका सगळीकडे. आणि आपल्याकडे? आपल्याकडे तर भाकरी आहे.

आधी प्रश्न ठरवा, मग ट्रेसर

बरेच जण उलटं करतात, लॅबमध्ये अमुक ट्रेसर (खूण मारलेला पदार्थ) पडलाय म्हणून प्रयोग. तसं नको. साखर किती जळली एवढंच पाहिजे असेल तर श्वास पुरतो, सुई टोचायची गरज नाही. फ्रुक्टोजचं ग्लुकोज किती झालं हे पाहिजे तर रक्त काढावं लागणार आणि सहाही कार्बन जड असलेलं फ्रुक्टोज विकत घ्यावं लागणार. साखर खाल्ल्यावर लिव्हरने स्वतःचं ग्लुकोज सोडणं किती कमी केलं हे पाहिजे तर दोन ट्रेसर, तोंडाने कार्बन-१३ वालं ग्लुकोज आणि शिरेतून सहाव्या कार्बनवर दोन ड्युटेरियम (म्हणजे तोच जड हायड्रोजन) असलेलं ग्लुकोज. चरबी किती बनली याला वेगळंच काम, ते शेवटी.

एथिक्स कमिटीची परवानगी, मराठीत समजेल असं संमतीपत्र, सीटीआरआयवर (माणसांवरच्या प्रयोगांची सरकारी नोंदवही) नोंदणी, हे सगळं पहिल्या व्हॉलंटियरच्या आधी झालेलं पाहिजे. शिरेतून जे जाणार ते निर्जंतुक आणि पायरोजेन-फ्री (ताप आणणारं काही नसलेलं) पाहिजे आणि डॉक्टर हजर पाहिजे. डायबेटिसवाल्यांना, गरोदर बाईला गंमत म्हणून ७५ ग्रॅम साखर पाजू नका. घरी तर काहीच करू नका.

चार दिवसांचं ताट

साधी साखर वापरून श्वासाचा प्रयोग करायचा तर व्हॉलंटियरचा श्वास आधी सी-३ वर आणावा लागतो, म्हणजे तीन-चार दिवस सी-४ बंद. सांगायला सोपं आहे. पण महाराष्ट्रात सी-४ कुठं कुठं लपलंय ते बघा.

भाकरी बंद हे सगळ्यांना कळतं. नाचणी पण सी-४, हे निम्म्यांना माहीत नसतं. मक्याचं कणीस, पॉपकॉर्न, कॉर्नफ्लेक्स, कस्टर्ड पावडर, सूप घट्ट करायचं कॉर्नफ्लोअर. गूळ, काकवी, उसाचा रस हे तर आलंच, पण बिस्किट, टोमॅटो केचप, बाजारचं लोणचं, खोकल्याचं सिरप यातही साखर असते. पालेभाजी चालेल म्हणाल तर मेथी, पालक चालेल, माठ आणि तांदुळजा नाही, ते राजगिऱ्याचे भाऊबंद, सी-४. अननस पण टाळा, त्याची पद्धत तिसरीच आहे पण आकडा उसाच्या जवळ जातो. आणि दूध! म्हैस काय खाते? ज्वारीचा कडबा, मका, हत्ती गवत, कोल्हापूर-सांगलीकडे उसाचं वाडं. ते सगळं सी-४, तेच दुधात उतरतं. ब्रॉयलर कोंबडी मक्यावर वाढते, म्हणजे चिकन आणि अंडी गेली. उरलं काय? वरण-भात, साधी पोळी, मुगाची उसळ, बटाटा, शेंगदाणे, शेंगदाण्याचं तेल, केळं, काळा बिनसाखरेचा चहा. चार दिवस. व्हॉलंटियर शिव्या देतात, घालू दे.

माझा फजितीचा किस्सा इथलाच. एक मुलगी, अतिशय सिन्सिअर, सगळं लिहून ठेवणारी, चार दिवस डायरी परफेक्ट. सकाळी उपाशीपोटीचा श्वास घेतला, आकडा यायला पाहिजे होता उणे २५ च्या जवळ, आला उणे १८. आम्ही मशीनला दोष दिला, स्टँडर्ड पुन्हा चालवलं, नळ्या बदलल्या, अर्धा दिवस गेला. मग कोणीतरी विचारलं, काल एकादशी होती ना? होती. तिने डायरीत लिहिलं होतं "उपवास", म्हणजे तिच्या मते काही खाल्लंच नव्हतं. खाल्ली होती वरीची खिचडी आणि राजगिऱ्याचे लाडू. वरी सी-४, राजगिरा सी-४, लाडवात गूळ. धान्य बंद केलं होतं तिने अगदी प्रामाणिकपणे, आमच्या यादीत "धान्य" असंच लिहिलेलं! तेव्हापासून आमच्या फॉर्मवर उपवासाचे पदार्थ वेगळे आणि नावानिशी छापलेत, आणि तारखा ठरवताना आधी कालनिर्णय बघतो.

आदल्या दिवशी व्यायाम, ट्रेक, लग्नात नाचणं, सगळं बंद. कारण लिव्हर आणि स्नायूत जे ग्लायकोजेन (ग्लुकोजचा साठा) साठलंय ते गेल्या कित्येक जेवणांचं असतं, त्यात भाकरीचा कार्बन असणारच, आणि ते हलवलं की तो श्वासात येतो आणि तुम्हाला वाटतं साखर जळली.

ताट पाळणं जमणार नसेल तर लेबल विकत घ्या

सहाही कार्बन जड असलेलं ग्लुकोज, ९९ टक्के शुद्धतेचं, मिळतं. ७५ ग्रॅम साध्या ग्लुकोजमध्ये १०० मिलिग्रॅम जरी मिसळलं तरी पेयाचा डेल्टा शंभराच्या वर अंकांनी उडतो (गणित करून बघा, ७५ ग्रॅममधला नैसर्गिक कार्बन-१३ आणि त्यावर साधारण ४२ मिलिग्रॅमची भर). नैसर्गिक साखरेत आपल्याला खेळायला १३ अंकांची जागा होती (श्वास उणे २५, साखर उणे १२), इथं सव्वाशेच्या आसपास. मग व्हॉलंटियरने चोरून एखादी भाकरी खाल्ली तरी प्रयोग मरत नाही, बेसलाइन (काही पाजायच्या आधीचा श्वास) घ्यायची मात्र असतेच.

फक्त एक चूक करू नका जी मी दोन प्रेझेंटेशनमध्ये पाहिलीय: साखरेच्या सरबतात लेबलवालं ग्लुकोज टाकलं आणि निष्कर्ष काढला "साखर" किती जळली. साखर म्हणजे अर्धं ग्लुकोज अर्धं फ्रुक्टोज. तुम्ही खूण ग्लुकोजवर मारलीय, फ्रुक्टोज बिनखुणेचं पळालं. फ्रुक्टोज बघायचं तर लेबल फ्रुक्टोजवर, दोन्ही बघायचं तर दोन वेगळ्या दिवशी दोन वेगळी पेयं. पेय चांगलं ढवळून त्यातलं थोडं बाटलीत काढून ठेवा, मशीनवर त्याचाही आकडा लागतो, आणि प्यायल्यावर ग्लास पाण्याने विसळून तेही पाजा, तळाशी राहिलेला ट्रेसर म्हणजे पैसे.

प्रयोगाची सकाळ

रात्रीचं जेवण आठला, मग फक्त पाणी. सकाळी व्हॉलंटियरला अर्धा तास शांत बसवा, जिना चढून धापा टाकत आलेल्याचा बेसलाइन श्वास घेऊ नका. श्वास घ्यायची पद्धत: १२ मिलिलिटरची रबरी पडदा असलेली काचेची नळी, स्ट्रॉ तळापर्यंत, साधा श्वास घ्यायचा, जरा थांबायचं, मग हळूहळू सोडायचा, शेवटची हवा नळीत गेली पाहिजे कारण सुरुवातीची हवा तोंडातली-घशातली. फुंकता फुंकताच स्ट्रॉ बाहेर ओढायचा आणि लगेच झाकण. पोरं फुंकून झाल्यावर स्ट्रॉ काढतात, "थांब झाकण कुठंय" करतात, तोवर आत खोलीची हवा. प्रत्येक वेळेला दोन नळ्या. बेसलाइनच्या तीन घ्या, त्यावरच सगळं उभं आहे.

नंबर आधीच लिहून ठेवा, ओल्या हाताने मार्कर पुसला जातो.

७५ ग्रॅम साखर ३०० मिलिलिटर पाण्यात, पाच मिनिटांत संपवायची. नंतर दर अर्ध्या तासाला श्वास, सहा तास. मधे खाणं नाही, झोपणं नाही, वाचा, फोन बघा. साधारण अडीच-तीन तासांनी आकडा शिखरावर जातो आणि मग उतरतो.

याच्याबरोबर माणूस मिनिटाला एकूण किती कार्बन डायऑक्साइड सोडतोय ते मोजावंच लागतं. डोक्यावर पारदर्शक हुड घालून कॅलोरीमीटरने मोजलं तर उत्तम. ते नसेल तर लोक शरीराच्या पृष्ठभागावरून अंदाज धरतात, चौरस मीटरला तासाला ३०० मिलिमोल. १.७ चौरस मीटरच्या माणसाला ते मिनिटाला १९० मिलिलिटर येतं. हा बसल्या माणसाचा ठोकताळा, साखर प्यायल्यावर प्रत्यक्ष आकडा वाढतो, म्हणून मी तरी मोजण्याच्याच बाजूची.

नळ्या जातात आयसोटोप रेशो मास स्पेक्ट्रोमीटरवर, जो हलक्या-जड अणूंचं प्रमाण मोजतो. हे मशीन न्यूट्रिशनच्या डिपार्टमेंटला सहसा नसतं, भूशास्त्र-हवामानवाल्यांकडे असतं, त्यांच्याशी दोस्ती करा. बंगळूरच्या सेंट जॉन्स रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये पोषणासाठी हे काम बऱ्याच वर्षांपासून चालतं. इन्फ्रारेडवाली छोटी मशीनं पण असतात, पोटातल्या हेलिकोबॅक्टर जंतूच्या युरिया टेस्टसाठी आणलेली. लेबलवालं ग्लुकोज दिलं असेल तर ती चालतात, नैसर्गिक साखरेच्या बारीक फरकाला जरा थिटी पडतात.

गणित, एकदाच नीट

समजा बेसलाइन उणे २५, साखर उणे १२, आणि तीन तासांनी श्वास उणे २०. श्वास चढला ५ अंक, पूर्ण साखरेचाच श्वास असता तर चढला असता १३ अंक. ५ भागिले १३, म्हणजे ०.३८५. त्या क्षणी बाहेर पडणाऱ्या कार्बन डायऑक्साइडमधला साडेअडतीस टक्के आत्ताच्या साखरेचा.

मिनिटाला एकूण २२० मिलिलिटर सुटत असेल तर साखरेचा वाटा ८५ मिलिलिटर. एक ग्रॅम साखर पूर्ण जळली की ७८६ मिलिलिटर कार्बन डायऑक्साइड देते. ८५ भागिले ७८६, झाली मिनिटाला ०.१०८ ग्रॅम.

इथं थांबू नका. जळल्यावर तयार झालेला कार्बन डायऑक्साइड लगेच बाहेर येत नाही, रक्तात-पेशींत बायकार्बोनेटचा मोठा हौद आहे, त्यात तो मिसळतो, काही अडकून राहतो. बसलेल्या माणसात साधारण ८० टक्केच बाहेर दिसतो असं धरतात. म्हणून ०.१०८ ला ०.८ ने भागा, आले ०.१३५ ग्रॅम. अर्ध्या तासाला सुमारे ४ ग्रॅम. असे सगळे अर्धे तास मांडून बेरीज केली की सहा तासांचा हिशोब. याच हौदामुळं पहिल्या तासाचे आकडे नेहमी कमी येतात, त्यावरून "साखर उशिरा जळते" असलं काही लिहू नका.

आता बेसलाइन फक्त एका अंकाने चुकली, खरी उणे २४ होती असं धरा: ४ भागिले १२, ०.३३३. म्हणजे उत्तर तेरा टक्क्यांनी घसरलं, एका अंकाने! आणि एकादशीवाल्या मुलीत तर उणे १८ ते उणे १२ एवढी सहाच अंकांची गल्ली उरली होती, त्यात काय मोजणार.

व्यायामाचा प्रयोग असेल तर नुसतं पाणी पाजून एक वेगळा दिवस घ्या, साखर न देताही श्वास किती चढतो ते त्यातून कळतं आणि ते वजा करता येतं. बर्मिंगहॅममध्ये सायकलवाल्यांवर अशी बरीच कामं झाली, नुसतं ग्लुकोज कितीही पाजा मिनिटाला साधारण एक ग्रॅमच्या वर जळत नाही, पण त्यात फ्रुक्टोज मिसळलं की आतड्यातलं दुसरं दार उघडतं आणि आकडा १.७५ ग्रॅमपर्यंत गेलेला आहे. मॅरेथॉनवाल्यांच्या जेल पाकिटावर दोन्ही साखरा का असतात, ते यातून आलं.

रक्तात शिरायचं असेल तर

करड्या झाकणाची फ्लोराइड ट्यूब, बर्फात, लगेच सेंट्रिफ्यूज. हात गरम पेटीत ठेवून रक्त घेतलं तर शिरेतलं रक्त धमनीच्या जवळ जातं, बरं पडतं. प्लाझ्मातलं ग्लुकोज वेगळं करून, पिरिडीन आणि ॲसेटिक ॲनहायड्राइडने त्याचं पेंटाॲसिटेट करून जीसी-एमएसवर (रेणू वेगळे करून त्यांचं वजन सांगणारं मशीन) चालवतात.

इथं बघण्यासारखी गोष्ट अशी की मशीन नुसतं "जड आहे" सांगत नाही, किती जड ते सांगतं. पाजलं सहा जड कार्बनवालं ग्लुकोज आणि रक्तात सापडलं सहाने जड, म्हणजे ते आतड्यातून सरळ आलेलं, न मोडता. सापडलं तीनने जड, म्हणजे ते कुठंतरी मोडून तीन कार्बनचं लॅक्टेट-बिक्टेट झालं आणि लिव्हरने एक जड तुकडा एका साध्या तुकड्याला जोडून नवं ग्लुकोज बनवलं. फ्रुक्टोज तर लिव्हरमध्ये मोडतंच दोन तीन-तीनच्या तुकड्यांत, त्यामुळं फ्रुक्टोज पाजून रक्तात तीनने जड ग्लुकोज दिसलं की तुम्ही रूपांतर डोळ्यासमोर बघताय. माझ्या मते या सगळ्या शास्त्रातली सगळ्यात देखणी जागा ही.

माणसांवरच्या अशा ट्रेसर अभ्यासांचा २०१२ मधला एक आढावा आहे, त्यात फ्रुक्टोजचा साधारण ४५ टक्के भाग तीन ते सहा तासांत जळतो, ४१ टक्के ग्लुकोज होतो, पाव हिस्सा लॅक्टेट, आणि सरळ चरबी एक टक्क्याहून कमी. बेरीज शंभरच्या वर जाते म्हणून घाबरू नका, ग्लुकोज होऊन मग जळलेलं दोन्हीकडे मोजलं जातं. हे आकडे वेगळे वेगळे वाचायचे. २०१८ मध्ये प्रिन्स्टनच्या गटाने उंदरांत दाखवलं की फ्रुक्टोज थोडं असेल तर लिव्हरपर्यंत पोचतच नाही, छोटं आतडंच बहुतेक आटोपतं, जास्त झालं की मग लिव्हरकडे आणि मोठ्या आतड्यातल्या जंतूंकडे सांडतं. म्हणून डोस लिहिल्याशिवाय "फ्रुक्टोज लिव्हरला त्रास देतं" हे वाक्य अर्धवट आहे.

चरबीचा भाग

एक टक्का वाचून साखर निर्दोष ठरवू नका. तो आकडा त्या साखरेच्या स्वतःच्या कार्बनचा, काही तासांतला. साखरेमुळं लिव्हर एकूण चरबी किती बनवायला लागलं, कुठल्याही कार्बनमधून, हे बघायला जड पाणी (जड हायड्रोजनचं पाणी) देतात. नव्याने बनणाऱ्या पामिटिक ॲसिडमध्ये अंगातल्या पाण्याचा हायड्रोजन शिरतो, म्हणून जड पाणी पिऊन ठेवलं की नवी चरबी खुणेसकट बनते आणि रक्तातल्या व्हीएलडीएलमध्ये (लिव्हरने सोडलेले चरबीचे कण) सापडते. ४२ लिटर पाणी असलेल्या माणसाला ०.३ टक्क्यापर्यंत न्यायचं तर साधारण सव्वाशे ग्रॅम लागतं, तेही थोडं थोडं करून, एकदम दिलं तर कानातला तोल जाऊन गरगरतं. जड पाण्यात आपला देश मागे नाही, अलिबागजवळ थळला कारखानाच आहे, पण अणुभट्टीचा ड्रम आणि माणसाला पाजायचं पाणी यात शुद्धतेच्या कागदांचा फरक आहे, ते कागद असल्याशिवाय कमिटी हो म्हणत नाही.

केस आणि नखं तपासून साखर कळते का?

हे हल्ली सगळे विचारतात. अमेरिकेत लोकांच्या रक्तपेशी आणि केसांतल्या कार्बन-१३ वरून गोड किती खातात याचा अंदाज काढायचे प्रयत्न झालेत, कारण तिथल्या गोडाचा मोठा भाग उसाचा नाहीतर मक्याचा आणि रोजची पोळी-पाव गव्हाचा. तरी मक्यावर पोसलेलं मांस घोटाळा करतंच. आपल्याकडे सोलापूरची एखादी आजी, जन्मभर बिनसाखरेचा चहा आणि दोन वेळा ज्वारीची भाकरी, आणि पुण्यातला दिवसाला तीन कोल्ड्रिंक पिणारा पोळीवाला पोरगा, दोघांचे केस मशीनमध्ये टाकले तर आजीच जास्त गोडखाऊ निघायची शक्यता आहे. एकेक अमिनो ॲसिड वेगळं करून, विशेषतः ॲलानिन, बघायची पद्धत आहे, पण भाकरीचा स्टार्चही त्याच वाटेने ॲलानिनमध्ये जातो, त्यामुळं आजीची सुटका तिथंही नाही. त्यासाठी सरळ विचारलेलं बरं, आणि विचारताना उपवासाचं वेगळं विचारा.